कॉल सुरू झाला की भुंकणारा मोती: लक्ष वेधण्याच्या सवयीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

मोती (नाव बदललं आहे) सुमारे ३ वर्षांचा, नसबंदी झालेला, मिश्र जातीचा नर कुत्रा. वजन १६ किलो. ४ महिन्यांचा असताना तो या घरात आला आणि पहिली अडीच वर्षं त्याच्याबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. घरात आई, बाबा, १२ वर्षांची मुलगी आणि आजी. आई-बाबा कामावर, मुलगी शाळेत, आजी दुपारी तिच्या खोलीत, असा दिवस जायचा. त्या वेळात मोतीही झोपायचा. प्रौढ कुत्रा दिवसरात्र मिळून साधारण १२ ते १४ तास झोपतो, आणि मोतीच्या झोपेचा मोठा वाटा या शांत दुपारींमध्ये पुरा व्हायचा.

मग आईचं ऑफिसचं काम घरून सुरू झालं. बैठकीच्या खोलीत टेबल लागलं, रोज चार-पाच व्हिडिओ कॉल होऊ लागले. माणूस समोर बसलाय, जागा आहे, बोलतोयसुद्धा, पण आपल्याशी नाही, हे मोतीला अगदी नवं होतं. पाच महिन्यांत घर इतकं वैतागलं की त्याला दुसऱ्या कुणाकडे द्यावं का, असं बोलणं सुरू झालं. आमच्याकडे सल्ला मागितला गेला तो या टप्प्यावर.

तक्रार नेमकी काय होती

"सारखं लक्ष मागतो" एवढ्यावर काम करता येत नाही. तो नेमकं काय करतो, हे विचारल्यावर चार वेगवेगळ्या गोष्टी पुढे आल्या. कॉल सुरू झाला की भुंकणं. लॅपटॉपवर काम करताना दंडावर पंजा मारणं. आईच्या हातावर ओरखडे होते. मोजे, रिमोट, चष्म्याचं घर असं काहीतरी उचलून पळणं आणि मागे कुणी येतंय का ते वळून पाहणं. आणि संध्याकाळी सगळे टीव्हीसमोर बसले की चेंडू आणून मांडीवर टाकत राहणं.

घरच्यांच्या लेखी हा सगळा एकच हट्टीपणा होता. प्रत्यक्षात या चारांपैकी एका सवयीला बाकीच्यांचा उपाय लागू पडणार नव्हता, आणि ते आधीच ओळखणं फार महत्त्वाचं होतं.

आधी तब्येत

वर्तनाचा विचार सुरू करण्याआधी पशुवैद्यांकडून तपासणी करून घेतली: कान, दात, त्वचा, पोट, सांधे, गुदग्रंथी, लघवी आणि शी. ही पायरी अनेक जण गाळतात. लघवीच्या मार्गात संसर्ग असेल तर कुत्रा वारंवार बाहेर नेण्यासाठी मागे लागतो. कान खाजत असतील किंवा सांधे दुखत असतील तर तो माणसाला चिकटून राहतो. वय झालेल्या कुत्र्यात ऐकू कमी येणं किंवा मेंदूची झीज यामुळेही विनाकारण भुंकणं वाढतं. अशा कुत्र्याकडे ठरवून दुर्लक्ष करणं म्हणजे आजारी जिवाला वाऱ्यावर सोडणं आहे. सवय अचानक सुरू झाली असेल, रात्रीही होत असेल, किंवा सोबत पाणी पिणं, खाणं, चालणं यांत फरक दिसत असेल, तर आधी डॉक्टर, प्रशिक्षण मागाहून.

मोतीच्या तपासणीत काहीही निघालं नाही.

नोंदींमधून काय दिसलं

पहिला आठवडा काहीही न बदलता फक्त नोंदी ठेवल्या. वहीत तीन रकाने: आधी काय घडलं, मोतीने काय केलं, त्यावर माणसाने काय केलं. तिसरा रकाना भरायला लोक सर्वांत जास्त टाळाटाळ करतात आणि उत्तर बहुधा तिथेच असतं. जोडीला एक जुना मोबाइल कपाटावर ठेवून मोती घरात एकटा असतानाचं चित्रीकरण केलं.

चित्रीकरणाने एक शंका मिटवली. एकटा असताना तो काही मिनिटं दाराशी हुंगत राहिला, मग सोफ्याशेजारी आडवा झाला आणि झोपला. लाळ गळणं, धापा टाकणं, दार ओरबाडणं, येरझाऱ्या घालणं यातलं काही नव्हतं. म्हणजे हा एकटेपणाच्या भीतीचा प्रकार नव्हता. ही भीती असती तर पुढची सगळी योजनाच बदलावी लागली असती.

वहीतून तीन गोष्टी स्पष्ट झाल्या. पहिली, मोती आई कामात आहे म्हणून भुंकत नव्हता. नुसतं टायपिंग चालू असताना तो बराच वेळ झोपून असायचा. कॉल जोडला जातानाची धून वाजली की तो उठायचा. त्या धुनीनंतर काय मिळतं, हे तो शिकला होता.

दुसरी गोष्ट म्हणजे काय मिळतं ती. कॉलवर असलेल्या आईला ओरडता येत नव्हतं. म्हणून ती टेबलाखालून त्याच्या डोक्यावर हात फिरवायची, "शूऽऽ" करायची, आणि तेवढ्याने भागलं नाही तर बिस्किट टाकायची. बिस्किट पडलं की भुंकणं थांबायचं, म्हणून उपाय लागू पडला असं वाटायचं. खरं तर भुंकल्याबद्दल रोज चार-पाच वेळा अगदी वेळेवर बक्षीस दिलं जात होतं. बाबा ओरडायचे आणि त्याला ढकलायचे. तेही मोतीच्या हिशेबात लक्षच होतं. नजर, आवाज आणि स्पर्श तिन्ही एकदम मिळत होते. आजी बराच वेळ काही करायची नाही, मग जीव कळवळून "ये रे बाळा" म्हणायची. कधी मिळतं, कधी नाही, असं बक्षीस सवय सर्वांत चिवट करतं. ही बाब अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांपासून ठाऊक आहे.

तिसरी गोष्ट वहीत लिहिलेलीच नव्हती. संपूर्ण आठवड्यात, मोती शांत पडलेला असताना कुणी त्याच्याशी बोललं किंवा त्याला काही दिलं, अशी एकही नोंद नव्हती. "शांत झोपलाय, उगाच उठवू नका," हे घरचं धोरण. आमच्या मते या प्रकरणाचं मूळ इथे होतं. या घरात शांत बसण्याला काही मोल नव्हतं. जे मिळायचं ते गोंगाट केल्यावरच.

दिनक्रमातही कमतरता होती. जेवण दोन वेळा वाडग्यात, दोन मिनिटांत फस्त. फिरणं दोन वेळा २० मिनिटं, आखूड दोरीवर, भराभर; हुंगायला थांबला की ओढून पुढे. संध्याकाळी मात्र जवळजवळ पाऊण तास चेंडू फेकणं. याने तो दमेल असा समज होता, पण पुन्हा पुन्हा धावत सुटण्याने कुत्रा निवत नाही, उलट तापतो, आणि तसाच घरात येतो.

समोर असलेले पर्याय

पूर्ण दुर्लक्ष. हा सर्वांत जास्त दिला जाणारा सल्ला, आणि अर्धवट दिला जाणारा. बक्षीस बंद झालं की सवय कमी होते हे खरं. पण कमी होण्याआधी ती वाढते, आणि त्या वाढीच्या काळात एकाने जरी हार मानली तर कुत्रा अधिक जोरात आणि अधिक वेळ भुंकायला शिकतो. शिवाय भुंकायचं नाही तर काय करायचं, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

शिक्षा. बाबांनी फवारा मारणाऱ्या आणि झटका देणाऱ्या पट्ट्यांची चौकशी केली होती. हा पर्याय सरळ बाद केला. पोर्तुगालमध्ये ९२ पाळीव कुत्र्यांवर झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, त्रासदायक पद्धतींनी शिकवलेल्या कुत्र्यांमध्ये तणावाची लक्षणं जास्त दिसली आणि प्रशिक्षणानंतर लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरकही, अधिक वाढलेलं आढळलं. पशुवर्तन क्षेत्रातल्या पशुवैद्यांच्या अमेरिकी संघटनेनेही २०२१ मध्ये बक्षिसावर आधारलेल्या पद्धतींचीच शिफारस केली आहे. मोतीच्या बाबतीत आणखी एक धोका होता. कॉलची धून, आईचं टेबल आणि वेदना यांची त्याच्या डोक्यात सांगड बसली असती.

दुसऱ्या खोलीत बंद करणं. तात्पुरती सोय म्हणून चालतं. पण बंद दाराआड राहायला शिकवलेलं नसेल तर दारावर ओरबाडण्याची नवी तक्रार सुरू होते.

आणखी व्यायाम. फिरण्याची पद्धत बदलायला हवी होती, चेंडू वाढवायला नव्हे. औषधांचाही प्रश्न निघाला; भीतीची किंवा चिंतेची लक्षणं नसल्यामुळे पशुवैद्यांनी ती सुचवली नाहीत.

शेवटी मिश्र योजना ठरली. गरजा आधी भागवायच्या, शांत राहण्याला मोल द्यायचं, भुंकण्याऐवजी करायची एक गोष्ट शिकवायची, आणि "आत्ता लक्ष मिळणार नाही" हे सांगणारी स्पष्ट खूण ठरवायची. दुर्लक्ष हा या सगळ्यातला शेवटचा, छोटा भाग.

काय केलं

खाणं आणि फिरणं. रोजचे २४० ग्रॅम कोरडे दाणे तीन वाट्यांत विभागले: १२० ग्रॅम वाडग्यात, ६० ग्रॅम हुंगून शोधण्यासाठी, ६० ग्रॅम शिकवण्यासाठी. शोधायचे दाणे जुन्या टॉवेलच्या घड्यांत गुंडाळून दिले. सुरुवातीला गुंडाळी सैल ठेवायची, नाहीतर कुत्रा वैतागून टॉवेलच फाडतो. बिस्किटं बंद. वरचा खाऊ दिलाच तर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत. सकाळचं फिरणं ३५ मिनिटांचं केलं, ३ मीटरच्या दोरीवर आणि हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) घालून. हुंगायला थांबला की माणसाने थांबायचं.

शांततेची डबी. प्रत्येकाला सकाळी एक छोटी डबी, तिच्यात दहा दाणे. मोती स्वतःहून शांत पडलेला दिसला की एक दाणा गुपचूप त्याच्या पंजांजवळ ठेवायचा आणि निघून जायचं. "शाब्बास रे माझ्या राजा" असं उंच आवाजात म्हटलं तर तो उठून उड्या मारायला लागतो, आणि बक्षीस उड्यांना मिळतं. रात्री डबीत दाणे उरले असतील तर त्या दिवशी शांततेकडे आपलं लक्ष गेलं नाही, एवढा साधा हिशेब. मुलीची डबी रोज रिकामी व्हायची. बाबांची पहिल्या आठवड्यात जवळजवळ भरलेली राहिली.

चटई. ६० × ९० सेंटिमीटरची, खालून न घसरणारी चटई टेबलापासून दीड मीटरवर टाकली. रोज तीन वेळा पाच-पाच मिनिटांचा सराव, या क्रमाने:

१. चटईवर पाय पडला की दाणा. दाणा हातातून द्यायचा नाही, चटईवर ठेवायचा. हातातून दिला तर तो हातासाठी उठतो.
२. चटईवर आडवा झाला की दाणा. मग थांबण्याचा वेळ ३ सेकंद, ५, २, ८, ४, १२ असा वर-खाली ठेवत वाढवायचा. दर वेळी फक्त वाढवत गेलं तर काम सतत अवघड होतंय हे कुत्र्याच्या लक्षात येतं आणि तो उठून जातो.
३. आई खुर्चीत बसते, लॅपटॉप उघडते, टाइप करते. प्रत्येक पायरी वेगळी.
४. कॉलची धून हळू आवाजात वाजवायची, प्रत्यक्ष कॉल नाही. धून वाजताच चटईवर दाणे. जी धून आजवर भुंकण्याची खूण होती, ती चटईकडे जाण्याची खूण करायची.
५. घरातल्याच कुणाशी दोन मिनिटांचा खोटा कॉल. मग खरा, पण लहान.

पाचपैकी चार वेळा जमलं तर पुढची पायरी. पाचपैकी दोन वेळा फसलं तर एक पायरी मागे.

इथे एक चूक फार लोकांकडून होते. कुत्रा भुंकला की त्याला चटईवर पाठवतात आणि तिथे खाऊ देतात. कुत्रा ही साखळी पटकन पकडतो: भुंक, चटईवर जा, खा. मग खाऊसाठी तो मुद्दाम भुंकू लागतो. म्हणून चटईवर पाठवायचं ते कॉलच्या आधी. भुंकून झालंच असेल तर आठ-दहा सेकंद शांतता होऊ द्यायची, एक-दोन वेगळ्या सोप्या गोष्टी करून घ्यायच्या आणि मग चटई.

निळं फडकं. आईच्या खुर्चीच्या पाठीवर निळं फडकं टांगलेलं असेल तर ती मोतीकडे बघणार नाही, बोलणार नाही, हात लावणार नाही. फडकं काढल्यावर पहिल्या पाच सेकंदांत त्याच्याशी बोलणं सक्तीचं. ही दुसरी अट पहिलीइतकीच महत्त्वाची आहे. कुत्र्याला "नाही"चा त्रास कमी होतो, "कदाचित"चा जास्त. लक्ष कधी मिळणार हे नक्की कळलं की तो मधल्या काळात मागत बसत नाही. सुरुवात दोन मिनिटांपासून. फडकं टांगण्याआधी त्याला भिजवलेले दाणे भरून गोठवलेलं रबरी खेळणं चटईवर द्यायचं. गोठवलेलं खेळणं कितीतरी जास्त वेळ पुरतं. ते एवढं मोठं हवं की कुत्र्याच्या मागच्या दातांपलीकडे जाऊ शकणार नाही.

पंजाऐवजी बसणं. जवळ येऊन बसला की दोन सेकंदांच्या आत त्याला प्रतिसाद द्यायचा, पहिले दोन आठवडे दर वेळी. पंजा मारला की हात छातीशी घेऊन मान वळवायची. तरी चालू राहिलं तर उठून १५-२० सेकंद खोलीबाहेर जायचं. ढकलायचं नाही, ढकलणं हा अनेक कुत्र्यांना खेळ वाटतो. पंजा मारणं ही पूर्णपणे माणसाच्या प्रतिसादावर जगणारी सवय आहे, म्हणून तिला हा उपाय चालतो.

मोज्यांचा वेगळा विचार

मोजे पळवणं दुर्लक्षाने सुटणार नव्हतं. मोजा चावण्यात मजा आहेच, कुणी बघो न बघो. शिवाय गिळलेला मोजा आतड्यात अडकला तर शस्त्रक्रियेची वेळ येते. "लक्ष देऊ नका, कंटाळून सोडेल" हा सल्ला इथे धोकादायक आहे.

बाबा आजवर मोतीला कोपऱ्यात गाठून जबड्यातून वस्तू ओढून काढत. एकदा तो जागीच ताठ झाला होता आणि त्याच्या डोळ्याचा पांढरा भाग दिसला होता, हे चौकशीत कळलं. ही गुरगुरण्याआधीची पायरी आहे. तिच्याकडे काणाडोळा केला असता तर काही महिन्यांत वस्तू राखण्यासाठी चावण्याचा प्रश्न उभा राहिला असता. ओढून काढणं आणि पाठलाग दोन्ही त्याच दिवशी थांबवलं.

धुण्याच्या टोपलीला झाकण लावलं, रिमोटला खण ठरला. मग अदलाबदल शिकवली: तोंडात त्याचंच साधं खेळणं असताना "दे" म्हणायचं, पाच-सहा दाणे जरा दूर जमिनीवर पसरायचे, तो तिकडे वळला की खेळणं उचलायचं आणि लगेच परत द्यायचं. परत देणं विसरायचं नाही, कारण सोडल्याने आपली वस्तू जात नाही हा विश्वास त्यातूनच बसतो. मोज्याच्या बदल्यात खाऊ मिळतो म्हणून तो मुद्दाम मोजे आणू लागेल, ही भीती रास्त होती. म्हणून त्याने स्वतःहून खेळणं आणून दिलं तर जास्त दाणे आणि थोडा खेळ, मोजा आणला तर मोजकी, थंडपणे केलेली अदलाबदल, असा फरक ठेवला.

संध्याकाळ

चेंडू टीव्हीच्या आधी आणि फक्त दहा वेळा. शेवटच्या फेकीनंतर दोन्ही रिकामे तळहात दाखवून "संपलं" म्हणायचं, चेंडू कपाटात ठेवायचा आणि गवतावर किंवा टॉवेलवर दाणे पसरायचे. हुंगत हुंगत तो निवतो. चेंडू समोर पडलेला ठेवून खेळ थांबवला असता तर मागणी थांबलीच नसती.

योजना कुठे अडखळली

चटईची तिसरी पायरी चालू असतानाच आईने खऱ्या कॉलवर दुर्लक्ष करायला सुरुवात केली. कॉल टाळता येत नव्हते, म्हणून. चौथ्या दिवशी भुंकणं आणखी लांबलं, आवाज चढला, आणि मोतीने पहिल्यांदाच बाही धरून ओढली. जुनी युक्ती चालेनाशी झाली की कुत्रा तीच अधिक जोर लावून करून पाहतो, आणि मग नवी काढतो. घरच्यांना याची तोंडी कल्पना दिली होती. पण १२ मिनिटं सलग भुंकणं कानावर पडतं तेव्हा तोंडी कल्पना पुरत नाही. पाचव्या दिवशी आजीने बिस्किट दिलं.

इथे मोठा निर्णय घ्यायचा होता. तसंच रेटत राहायचं की थांबायचं? रेटलं असतं तर पुढच्या वेळी १२ मिनिटांच्या पलीकडे तग धरावा लागला असता, तोही चालू मीटिंगमध्ये, घरातल्या चौघांनी. ते होणार नाही हे उघड होतं. म्हणून दुर्लक्षाचा भाग पाच दिवस पूर्ण बंद ठेवला. त्या दिवसांत कॉलच्या दहा मिनिटं आधी आजी मोतीला आपल्या खोलीत न्यायची आणि टॉवेलमधले दाणे शोधायला द्यायची, म्हणजे भुंकायची वेळच यायची नाही. चटईचा सराव कॉल नसताना चालू राहिला.

आजीला दोष देऊन काही साधलं नसतं. तिचा जीव तुटतो हे तिचं बळ आहे; त्याला योजनेत जागा नव्हती, ही योजनेची उणीव होती. पुढे दोन कामं खास तिची ठरली: कॉलआधीचं खेळणं भरणं, आणि फडकं निघाल्यावर पहिले लाड. लाड करायचेच, पण फडकं निघाल्यानंतर. त्या दिवसापासून बिस्किट पुन्हा निघालं नाही.

दुसरी अडचण छोटी होती. फडक्याची वेळ आईने पाच मिनिटांवरून एकदम २५ वर नेली. खेळणं संपलं, मोती उठला, भुंकला. मग ५, ८, ६, १२, १० अशी चढउतार करत ४० मिनिटांपर्यंत नेली. ४० मिनिटांच्या पुढच्या कॉलमध्ये मध्येच आवाज बंद करून फडकं काढायचं, अर्धा मिनिट त्याच्याशी बोलायचं आणि पुन्हा टांगायचं, असं ठरलं. हे तो शांत असतानाच करायचं, भुंकायला लागल्यावर नाही.

परिणाम

आठ आठवड्यांनी नोंदींचा दुसरा आठवडा झाला. आधी जवळजवळ प्रत्येक कॉलला भुंकणारा मोती त्या संपूर्ण आठवड्यात एकदाच भुंकला, तेही दार वाजलं तेव्हा. पंजा मारणं घरच्यांसोबत थांबलं. मोजे दोनदा पळवले, दोन्ही वेळा टोपलीचं झाकण उघडं राहिलं होतं आणि दोन्ही वेळा त्याने ते सोडले. चटईवर तो आता पुढचे पाय ताणून सावध बसत नाही, एका कुशीवर कलंडतो आणि बऱ्याचदा झोपतो. दुपारची झोप परत आली हे आम्हाला भुंकणं थांबण्याइतकंच मोलाचं वाटतं.

मध्ये सहाव्या आठवड्यात घर चार दिवस बाहेरगावी गेलं. परत आल्यावर भुंकणं पुन्हा सुरू झालं. विझलेली सवय खंडानंतर अशी डोकावते. म्हणजे सगळं वाया गेलं असं नाही. तीन पायऱ्या मागे जाऊन सराव केला आणि तीन दिवसांत घडी बसली.

दाणे एकदम बंद केले नाहीत. चटईवर दर वेळी मिळणारा दाणा आधी अधूनमधून केला, मग त्यातल्या काहींच्या जागी फिरायला निघणं, दार उघडणं, खेळ सुरू करणं अशा रोजच्या गोष्टी आणल्या.

काय वेगळं करता आलं असतं

पहिलं म्हणजे क्रम. चटईचा सराव किमान दहा दिवस आधी व्हायला हवा होता, आणि तोवर प्रत्येक कॉलला आजीच्या खोलीची सोय. पर्याय पक्का नसताना दुर्लक्ष सुरू झालं, म्हणून चौथा दिवस इतका कठीण गेला.

दुसरं, पहिली बैठक फक्त आई-बाबांसोबत झाली. आजी आणि मुलगी यांना नियम सांगितले गेले, विचारले गेले नाहीत. घरातल्या प्रत्येकाला "तुम्हाला कुठपर्यंत सहन होईल?" हे आधीच विचारलं असतं तर दुर्लक्षावर एवढी भिस्त ठेवलीच नसती. जिथे एक जण नक्की विरघळणार आहे तिथे दुर्लक्ष कमीत कमी लागेल अशीच योजना आखावी.

तिसरं, पहिल्या नोंदींत किती वेळा भुंकला एवढंच लिहिलं, किती वेळ भुंकला ते नाही. त्यामुळे दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्यात, भुंकण्याच्या वेळा तेवढ्याच पण प्रत्येक वेळ लहान होत असताना, घरच्यांना काही फरक पडत नाही असं वाटलं आणि धीर सुटायला आला. मोबाइलवरच्या घड्याळाने सेकंद मोजले असते तर ती सुधारणा त्यांना दिसली असती.

पाहुण्यांचा प्रश्न अजून बाकी आहे. पाहुण्यांना पंजा मारला की ते हात पुढे करतात, म्हणून ती सवय तिथे टिकून आहे. सध्या पाहुणे येण्याआधी मोतीला दोरी लावून चटई दाराच्या नजरेबाहेर हलवतात आणि पहिली दहा मिनिटं मुलगी त्याच्याजवळ बसते. पाहुण्यांपैकी ज्यांना नियम पाळणं जमेल अशा दोघा-तिघांना मुद्दाम बोलावून, तो जवळ येऊन बसला तरच हात लावायचा, हा सराव पुढच्या महिन्यात सुरू होईल.